मंदीत मशीन रिकामी: रेट पाडायचा की दुसरं काम शोधायचं? (वागळे इस्टेट, मशीनिंग जॉब वर्क)

वागळे_जॉबवर्क

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमध्ये मशीनिंगचा गाळा आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ, कोपऱ्यात एक जुना साधा लेथ आणि पिलर ड्रिल. माणसं पाच: एक सेटर-प्रोग्रामर, तीन ऑपरेटर, एक हेल्पर. जवळपास सगळं काम दोन गिऱ्हाइकांचं आणि दोघंही नवी मशिनरी बनवणारे. त्यांच्याकडचं बुकिंग आटलं, त्यामुळे आमच्याकडे ड्रॉइंग येणंही आटलं.

आकडे देतो, म्हणजे सल्ला हवेत जाणार नाही. रोज १० तास, महिन्याला २५ दिवस धरले तर तिन्ही सीएनसी मशीनचे मिळून ७५० तास हातात आहेत. आधी त्यातले ६०० तास बिल व्हायचे, आता ३३० होतात. सरासरी रेट तासाला रु. ६००. मशीन चालू असतानाचा खर्च, म्हणजे इन्सर्ट (कापायची पाती), वीज, कूलंट, तासाला रु. ९०. मशीन चालो न चालो, महिन्याला जाणारे पैसे असे: भाडं ६०,०००, पगार १,२०,०००, हप्ते ६२,०००, बाकी २८,०००.

एक गिऱ्हाईक म्हणतंय, रेट ४५० करा, काम वाढवून देतो. पेमेंट दोघांचंही ९० दिवसांवर गेलंय.

विचारायचं हे की ४५० ला हो म्हणावं का? जो तो सांगतो 'काहीतरी वेगळं करा, स्वतःचं प्रॉडक्ट काढा', पण वेगळं म्हणजे काय हे ठरवायची काही रीत आहे का? आणि एखादा माणूस कमी करावा का?

---

हिशेब_ठाणे

आधी ४५० चा प्रश्न निकालात काढू, कारण त्याचं उत्तर गणितातच आहे.

तुमचा न टळणारा खर्च २,७०,०००. तासाला ६०० मिळतात, त्यातून ९० गेले की ५१० हाताला लागतात. २,७०,००० ला ५१० ने भागा: ५३० तास. इतके तास बिल झाले की ना नफा ना तोटा. आज ३३० तासांचे १,६८,३०० येतात, म्हणजे दर महिन्याला १,०१,७०० ची तूट.

आता रेट ४५० केला की तासामागे ३६० उरतात. २,७०,००० भागिले ३६० म्हणजे ७५० तास. ७५० हीच तुमची पूर्ण क्षमता. एकही मशीन बिघडलं नाही, एकही ऑपरेटर गावाला गेला नाही, एकही सेटिंग वाया गेलं नाही, तरी वर्षभर राबून हातात शून्य. त्यात आज ६०० ने होणारं त्याच गिऱ्हाइकाचं कामही ४५० वर येणार आणि उद्या बाजार सुधारला तरी तो रेट परत वर चढणार नाही. त्यामुळे सरसकट ४५० ला नाही म्हणा.

पण कमी रेटचं काम घ्यायचंच नाही, असंही नाही. रिकामा तास विकून ९० च्या वर जे मिळेल ते तूट कमी करतं. समजा २०० तास ३५० ने गेले, तर प्रत्येकी २६० प्रमाणे ५२,००० आले आणि तूट निम्म्यावर आली. अटी तीन. ते काम तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचं नसावं. ते चांगल्या रेटच्या कामाच्या आड येऊ नये, म्हणजे 'मशीन रिकामं झाल्यावर करू' अशी सैल तारीख असावी. आणि पैसे रोख किंवा आगाऊ असावेत. ३५० चं काम ९० दिवसांच्या उधारीवर करणं म्हणजे दुसऱ्याचा धंदा आपल्या ओव्हरड्राफ्टवर चालवणं.

मंदीत छोटा गाळा बहुतेक वेळा तोट्याने नाही, रोकड संपल्याने बंद पडतो. म्हणून गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या पैशाकडे आज बघा. उद्यम नोंदणी नसेल तर करून घ्या, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत व्हायला हवं, असं २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचं १५ वं कलम सांगतं. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) '९० दिवस' छापलेलं असलं तरी ४५ च्या पुढची मुदत चालत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं.

खरी पकड मात्र आयकराची आहे. १९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच) आलं, ते आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला आपला खर्च म्हणून दाखवता येत नाही. खरेदी खात्याकडे गयावया करण्यापेक्षा त्यांच्या अकाउंट्सला थकलेल्या बिलांची यादी तारखांसकट पाठवा, खाली उद्यम क्रमांक लिहा आणि या तरतुदीचा एका ओळीत उल्लेख करा (एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, तेव्हा कलमाचा चालू क्रमांक सीएकडून घ्या). फेब्रुवारीत पाठवली तर लवकर हलते, कारण मार्चअखेरीला तीच रक्कम त्यांच्या ऑडिटरसमोर येणार असते. भाषा सौम्य ठेवा, संबंध टिकवायचा आहे.

गिऱ्हाइकाची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्याला ट्रेड्स (बिलांवर बँकांकडून आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन सोय) व्यवस्थेत नोंदणी सक्तीची आहे. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट यांपैकी तो जिथे असेल तिथे बिल चढवलं की बँका बोली लावतात आणि पैसे लवकर हातात येतात. गिऱ्हाइकाने पुढे बुडवलं तर बँक तुमच्याकडे येत नाही. अडतं एकाच जागी: गिऱ्हाइकाने बिल पोर्टलवर मान्य करायला हवं. ते आधी विचारून घ्या.

वीज बिलावर करार मागणी (मंजूर करून घेतलेला विजेचा भार) किती आणि प्रत्यक्ष नोंदलेली मागणी किती, हे मागच्या सहा महिन्यांचं बघा. फरक मोठा असेल तर करार मागणी कमी करून घ्यायचा अर्ज करा. मात्र काम परत वाढलं आणि मागणी ओलांडली तर दंड बसतो, तेव्हा अगदी घासून कमी करू नका.

---

कागद_पेन्सिल_ऐरोली

हिशेबवाल्यांनी दिलेला ५३० चा आकडा गाळ्यातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. सुचण्याची सुरुवात तिथून होते. 'आणखी २०० तास कुठून आणायचे' हा प्रश्न पाचही जणांना कळतो. 'धंदा वाढवायला काय करू या' म्हटलं की सगळे मान हलवतात आणि चहा पिऊन उठतात.

रीत विचारलीत म्हणून सांगतो. सगळ्यांना गोल बसवून 'बोला, काय सुचतंय' असं करू नका. अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं, पण १९५८ सालीच येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासलं तेव्हा उलटं दिसलं. एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं सुटी बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या तर जास्त निघतात. आपल्याकडे तर मालक आधी बोलला की विषय संपतो. शेठच्या तोंडून 'कन्व्हेयर' निघालं की पाचही जण कन्व्हेयरच सांगणार.

म्हणून कागदावर करा. १९६८ मध्ये बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने मांडलेली पद्धत आहे: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. तुम्ही आणि पाच माणसं असे सहाच होता. ए४ कागद आडवा धरा, तीन उभे रकाने, सहा आडव्या ओळी, म्हणजे १८ चौकोन. सहा कागद, अर्धा तास, १०८ चौकोन. अर्धे रिकामे राहिले तरी पन्नास-साठ नोंदी मिळतात. कागद फिरत असल्याने हेल्परने लिहिलेल्या ओळीवर सेटर भर घालतो आणि कुणाला कुणासमोर बोलावं लागत नाही. ज्याला लिहिणं जड जातं त्याने चित्र काढावं. हिंदी, मराठी, भोजपुरी, काहीही चालेल. कागदावर नाव घालायचं नाही. आणि शिफ्ट सुटताना बसवू नका, सगळ्यांचं लक्ष ७ च्या लोकलवर असतं. सकाळी पहिल्या तासाला मशीन बंद ठेवून बसवा. रिकामे तास तर पडलेलेच आहेत.

प्रश्न एका बैठकीला एकच. तुमच्या गाळ्यासाठी मी हे तीन, तीन वेगवेगळ्या दिवशी घेईन:

आपलं गिऱ्हाईक नवं मशीन घेत नाही, तर जुनं चालू ठेवायला त्याला काय लागतं?

इथून अर्ध्या तासाच्या अंतरात कुणाची लाईन एका छोट्या भागावाचून उभी राहते?

आपण फुकट करून देतो अशी कोणती गोष्ट कुणी पैसे देऊन घेईल? (इथे 'मोजमाप', 'ड्रॉइंग काढून देणं', 'भाग धरायचं फिक्स्चर' अशी उत्तरं येतात आणि मालकाला त्यांची किंमत पहिल्यांदा दिसते.)

चाळणी लावताना आवड-नावड बाजूला ठेवा आणि प्रत्येक नोंदीसमोर चार गोष्टी लिहा. कोणत्या मशीनवर होईल, समोर सही कोण करेल, पहिला पैसा येण्याआधी खिशातून किती जाईल आणि तो पैसा किती दिवसांत येईल. रु. २५,००० च्या वर किंवा ४५ दिवसांच्या पुढे जाणारी नोंद सध्या पाकिटात. फाडू नका, बाजार फिरला की ती कामाला येईल. 'सही कोण करेल' याचं उत्तर ज्या नोंदीला सुचत नाही तिच्यावर वेळ घालवू नका, कितीही हुशारीची वाटली तरी.

आणि प्रत्येक नोंदीचं काय झालं ते आठवड्याच्या आत फळ्यावर लावा. 'घेतली', 'नाही, कारण अमुक'. टोयोटाने सूचना योजना १९५१ साली सुरू केली, म्हणजे कंपनी १९५० च्या मोठ्या आर्थिक संकटातून जेमतेम बाहेर पडत असताना. अशा योजना बक्षिसावर कमी आणि उत्तर वेळेवर मिळण्यावर जास्त चालतात. दोनदा उत्तर मिळालं नाही की तिसऱ्यांदा माणूस लिहीत नाही.

---

रबाळे_मेंटेनन्स

वर पहिला प्रश्न लिहिलाय त्याचं उत्तर मी कारखान्याच्या बाजूने देतो, कारण तुमचे २०० तास बहुधा इथेच आहेत.

मंदीत कंपनीचं पहिलं पाऊल म्हणजे नव्या मशीनची खरेदी थांबवणं. ती फाईल हेड ऑफिसला अडते. पण जुनी मशीन आणखी दोन-तीन वर्षं ओढायची ठरल्यावर तिचे सुटे भाग लागतातच आणि ते मेंटेनन्सच्या बजेटमधून येतात. त्यावर सही कारखान्यातच होते. तुम्ही आजवर खरेदी खात्याशी बोललात, आता मेंटेनन्स इंजिनिअरशी बोला. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात औषधं, खाद्यपदार्थ, केमिकल, छपाई, पॅकिंगचे कारखाने आहेत. त्यांच्याकडची कितीतरी मशीन परदेशी आणि जुनी. मूळ कंपनीकडून भाग मागवला तर आठवडे लागतात, दर युरोत. तोच बुश, शाफ्ट, गाइड, स्टार व्हील (बाटल्या पुढे सरकवणारं खाचांचं चाक) तुमच्या व्हीएमसीवर दोन दिवसांत होतो.

आता खरी गोष्ट. या कामात ड्रॉइंग येत नाही. तेलकट प्लास्टिकच्या पिशवीत घासलेला भाग येतो आणि 'असाच करून द्या' एवढंच सांगतात. तसाच केला तर फसलात.

शाफ्टचं उदाहरण घ्या. धुण्याआधी फोटो काढा. कुठे चमकतोय, कुठे निळा पडलाय, कुठे एकाच बाजूने घासलाय, यावरून तो का गेला ते कळतं. एकाच बाजूने घासला असेल तर दोष शाफ्टचा नाही, अलाइनमेंटचा आहे आणि तुमचा नवा शाफ्टही महिन्यात परत येईल. हे आधीच इंजिनिअरला सांगा. बेअरिंग बसते तिथे मायक्रोमीटर २४.९३ दाखवतो. तो आकडा ड्रॉइंगवर गेला तर नवा शाफ्ट पहिल्या दिवसापासून सैल. बेअरिंगचा नंबर विचारा. ६२०५ असेल तर भोक २५ मिमी, म्हणजे शाफ्ट २५ च्या आसपासच असणार. फिट के६ (बेअरिंग बसवायचा एक प्रमाणित दर्जा) धरला तर २५.००२ ते २५.०१५. चावीचा (चाक शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवायच्या पट्टीचा) खाचाही असाच: २२ च्या वर ३० मिमीपर्यंतच्या शाफ्टला ८ × ७ ची चावी आणि शाफ्टमधली खोली ४. घासलेला खाचा ८.३ दाखवत असला तरी ८ च करायचा. तत्त्व इतकंच की भागाचं माप त्याला जोडून बसणाऱ्या प्रमाणित वस्तूवरून काढायचं, म्हणजे बेअरिंग, ऑइल सील, सर्क्लिप, चावी यांवरून.

ऑइल सील जिथे बसतं ती जागा टर्निंगवर सोडू नका. टर्निंगच्या बारीक आट्या तेलाला बाहेर ढकलतात आणि शिव्या सीलला पडतात. ती जागा ग्राइंडिंगला पाठवा. तुमच्याकडे ग्राइंडर दिसत नाही, तेव्हा वागळेत ग्राइंडिंगवाला पक्का करून ठेवा आणि त्याचा एक दिवस तारखेत धरा.

धातू ओळखणं ही दुसरी फसगत. जास्त ताकदीच्या ईएन२४ स्टीलच्या जागी ईएन८ लावला तर दिसायला सारखाच, पण झटक्याच्या लोडला वाकतो. आधी कानस फिरवून बघा, हार्डनेस तपासून घ्या. स्टेनलेसमध्ये ३०४ की ३१६ हे लोहचुंबकाने कळत नाही, दोन्ही जवळपास सारखेच वागतात. औषधाच्या कारखान्यात ३१६एल मागितलं असेल तर लॅबमधून पीएमआय (धातूतले घटक ओळखायची तपासणी) करून घ्या आणि मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट बिलासोबत लावा. त्या कागदाशिवाय भाग गेटातून आत जात नाही.

प्लास्टिकचे भाग तर तुमच्या व्हीएमसीसाठीच आहेत. बाटल्यांच्या लाईनवर बाटलीचा आकार बदलला की स्टार व्हील, फीड स्क्रू, गाइड असा सगळा संच बदलतो. मंदीत कंपन्या छोट्या बाटल्या, कमी वजनाचे पॅक काढतात, तेव्हा हे काम उलट वाढतं. डेलरिन आणि यूएचएमडब्ल्यू या दोन प्लास्टिकच्या शीट लागतात. स्टार व्हीलचा खाचा एका बाटलीवरून मापू नका. वेगवेगळ्या लॉटमधल्या २० बाटल्या मागा आणि सगळ्यात जाड बाटलीवर मोकळीक ठेवा. डेलरिन उष्णतेने स्टीलच्या आठ-नऊ पट फुगतं. २०० मिमीचा भाग तुमच्या तापलेल्या पत्र्याच्या गाळ्यात मोजला आणि एसी हॉलमध्ये बसवला, मध्ये १५ अंशांचा फरक असेल तर ०.३ मिमी इकडेतिकडे. म्हणून शेवटचं माप गार खोलीत, भाग दोन तास तिथे ठेवून. आधी १ मिमी ठेवून रफ करा, क्लॅम्प सोडा, रात्रभर पडू द्या, मग फिनिश. एकाच सेटिंगला कापलेली पातळ प्लेट सोडल्यावर पापडासारखी वाकते. नायलॉन पाणी पितं. पावसाळ्यात बुश फुगून शाफ्ट धरतो, तेव्हा ओल्या जागी नायलॉनच्या बुशला मोकळीक जास्त हवी, नाहीतर डेलरिनच वापरा.

भाव तासावर सांगू नका, नगावर सांगा. एका नगाला मोजमाप आणि ड्रॉइंग २ तास, सेटिंग दीड, कटिंग १, असे साडेचार तास जातात. ६०० ने २,७०० झाले, मटेरियल ६०० धरा. इथे ४,५०० सांगितले तर जास्त नाही, कारण समोर बंद लाईन आहे. ड्रॉइंग एकदा काढलं की पुढच्या वेळी ते दोन तास वाचतात, तो खरा नफा. प्रत्येक ड्रॉइंगला क्रमांक, मशीनचं नाव, तारीख घालून जपून ठेवा. नमुना भाग आरजीपीवर (परत करायच्या गेटपासवर) आला असेल तर त्यावर टॅग बांधा. तो हरवला तर त्या कारखान्याचं दार बंद.

एक अडचण आधीच सांगतो: मोठ्या कंपनीत व्हेंडर कोड (पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक) मिळायला वेळ लागतो. तोवर पंप दुरुस्त करणारे, मोटर रिवाइंडिंगवाले, एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) कंत्राटदार धरा. त्यांना तेच भाग लागतात, कोड लागत नाही आणि पैसे आठवड्यात सुटतात.

---

वागळे_जॉबवर्क

सगळ्यांचे मनापासून आभार. ४५० चं गणित बघून डोळे उघडले, त्यांना नाही कळवतो. दोन शंका. एकेका नगाच्या कामात सेटिंगलाच दिवस जाईल, मग तास कसे भरणार? आणि प्रॉडक्ट व माणसांबद्दल कुणी बोललं नाही.

---

टूलरूम_कळवा

शंका बरोबर आहे. दीड तासाचं सेटिंग अर्ध्या तासावर आणल्याशिवाय हा मार्ग परवडत नाही. ते रिकाम्या तासांतच करून घ्या.

व्हीएमसीच्या मॅगझिनमध्ये नेहमी लागणारे बारा टूल कायमचे बसवा: फेस मिल, १६, १०, ६ चे एंड मिल, स्पॉट ड्रिल, ५, ६.८, ८.५, १०.२ चे ड्रिल, ६ आणि ८ चे टॅप, चॅम्फर. म्हणजे एम६, एम८, एम१०, एम१२ ची भोकं टूल न बदलता होतात. हे टूल त्यांच्या जागेवरून हलवायचे नाहीत, ऑफसेट तक्त्यावर लिहून मशीनच्या दारावर चिकटवायचे. प्रोग्राम कुणीही लिहो, टी५ म्हणजे ६.८ चं ड्रिलच. व्हाइस टेबलावर कायम डायल करून ठेवा, डाव्या बाजूला पक्का स्टॉपर लावा आणि जी५४ चा शून्य (जिथून मशीन माप मोजतं तो बिंदू) फिक्स जबड्याच्या त्याच कोपऱ्यात ठेवा. मग नवा तुकडा स्टॉपरला टेकवला की एक्स आणि वाय शोधायचे नाहीत, फक्त झेड घ्यायचा. लेथला सॉफ्ट जॉचे (भागाच्या मापाला कापता येणाऱ्या मऊ जबड्यांचे) संच बोअर करून त्यांवर व्यास कोरून ठेवा. दुसऱ्या व्हीएमसीवर मात्र चालू बॅचचंच काम ठेवा. दोन्हीवर एकेक नग घेतले तर जुन्या गिऱ्हाइकाची तारीख चुकते आणि असलेले ३३० तासही जातात.

माणसांचं. सेटर-प्रोग्रामर अजिबात सोडू नका, मोजमाप आणि ड्रॉइंगचं सगळं काम त्याच्यावर आहे. ऑपरेटरपैकी एकाला मोजमाप शिकवा: बोअर गेज, थ्रेड गेज, डायलवर रनआउट (फिरताना भाग किती डगमगतो ते), फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साधं ड्रॉइंग. तो कारखान्यात जाऊन माप घेऊन आला की सेटर मशीनवर राहतो. एक माणूस कमी करून महिन्याला वीस-बावीस हजार वाचतील, म्हणजे ५१० च्या हिशेबाने साधारण ४० तासांचं काम. तो माणूस ४० तासांचं नवं काम आणू शकतो का, असा विचार करा.

स्वतःच्या प्रॉडक्टबद्दल: आत्ता नको. प्रॉडक्ट म्हणजे साचे, साठा, डीलरची उधारी, वॉरंटी. सगळीकडे आधी पैसे जातात आणि तुमच्याकडे तूट चालू आहे. सुट्या भागांचं काम करताना एकच तक्रार चार कारखान्यांतून आली, तर तिथे प्रॉडक्ट दडलंय असं समजा आणि तेव्हा बघा. तोवर नवं मशीन घ्यायचं नाही, कितीही सोप्या हप्त्यावर मिळालं तरी.

दोन कामांना ठाम नकार द्या. उचलायचे हुक, ब्रेकचे भाग, बॉयलर किंवा प्रेशर व्हेसलला जोडले जाणारे भाग यांना वेगळी मान्यता लागते आणि चुकलं तर जीव जातो. दुसरं, मूळ कंपनीचा लोगो किंवा पार्ट नंबर भागावर कोरायचा नाही. भागावर पेटंट चालू असेल तर तो करून विकणं हा भंग ठरतो, पेटंट २० वर्षांचं असतं. जुन्या मशीनच्या साध्या बुश-शाफ्टला हा प्रश्न सहसा येत नाही, तरी इंजिनिअरला मशीनचं साल विचारून ठेवा.

---

रबाळे_मेंटेनन्स

पहिल्या भेटीबद्दल एक भर घालतो. 'काही काम असेल तर सांगा' म्हणून कार्ड ठेवून गेलात तर ते कार्ड ड्रॉवरमध्ये जातं. सकाळी ११ नंतर जा, त्याआधी मेंटेनन्सवाला रात्रीच्या शिफ्टच्या बिघाडात अडकलेला असतो. विचारा: 'साहेब, गेल्या सहा महिन्यांत कोणत्या भागासाठी लाईन दोनदा थांबली? तो घासलेला भाग द्या, मोजून ड्रॉइंग काढून आणतो. मोजमापाचे पैसे ऑर्डर दिलीत तरच.' पहिल्या पाच कारखान्यांपुरतंच हे फुकट ठेवा.

तारीख देताना एक दिवस जास्त सांगा. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की वागळेहून रबाळ्याला येणारा टेम्पो कळव्यातच उभा राहतो आणि इथे आम्ही लाईन उघडून भागाची वाट बघत असतो. आणि भाग देताना पिशवीत दोन टाका. एक ऑर्डरचा आणि एक तुमच्या खर्चाने केलेला जादा, ड्रॉइंगचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून. एकाच सेटिंगला दुसऱ्या नगाचा खर्च म्हणजे मटेरियल आणि तासाभराचं कटिंग. तो जादा भाग आमच्या स्टोअरच्या फळीवर जातो आणि वापरला गेला की त्याच चिठ्ठीवरचा क्रमांक बघून पुढची ऑर्डर निघते.